उचलता येईल तीच गाडी पाठवा: गारखेडा परिसरातील मोटरहोमधारकांचे मागणीपत्र

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ;
पर्यटन संचालनालय व महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ;
प्रादेशिक परिवहन अधिकारी, छत्रपती संभाजीनगर;
मोटार विमा कंपन्या आणि रोडसाइड असिस्टन्सच्या योजना विकणाऱ्या सर्व कंपन्या.

विषय: मोटरहोम व कॅरॅव्हॅन रस्त्यात बंद पडल्यास मिळणाऱ्या सहाय्याच्या अटी, साधने आणि दर यांबाबत.

महोदय,

गारखेडा परिसरात मोटरहोम बाळगणाऱ्या आणि भाड्याने देणाऱ्या आम्हा मंडळींची संघटना लहानच आहे. कोणी निवृत्तीच्या पैशातून फोर्स ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात पलंग, ओटा आणि संडास बसवून घेतला आहे. कोणाचा टाटा विंगरवर भाड्याचा धंदा आहे. काही जण अजून शिर्डी-वेरूळ-अजिंठा मार्गावर साधी टेम्पो ट्रॅव्हलर पळवतात आणि पुढेमागे तिचीच कॅरॅव्हॅन करायच्या विचारात आहेत. विम्याच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, रोडसाइड असिस्टन्स (आरएसए) कोणाचे घ्यायचे? पत्रके समोर मांडली तर सगळीकडे तोच मजकूर: चोवीस तास सेवा, भारतभर जाळे, टोइंग मोफत. घोडे पेंड खाते ते मागच्या पानावर. योजना कोणत्या गाडीला लागू, किती वजनापर्यंत लागू आणि 'टोइंग' म्हणजे नेमके कशाने उचलणार, हे तिथे एक तर लिहिलेले नसते, नाही तर अशा शब्दांत असते की पुढे त्याचा कोणताही अर्थ काढता यावा.

काय घडते ते एका प्रसंगावरून लक्षात येईल. आमच्या एका सभासदाची ट्रॅव्हलरवर बांधलेली मोटरहोम मे महिन्यात समृद्धी महामार्गावर जालन्याच्या अलीकडे बंद पडली. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला, गाडीने ओढ सोडली आणि कडेला घेता घेता बंदच झाली. आत म्हातारी आई, दोन नातवंडे आणि फ्रिजमध्ये इन्सुलिन. कॉल सेंटरवरच्या मुलीने जवळची खूण विचारली. समृद्धीवर कसली खूण असणार? तिथे सगळे चॅनेल क्रमांकावर, म्हणजे रस्त्याच्या किलोमीटरच्या आकड्यावर, चालते. अपघाताच्या बातम्या त्यावरच लिहिल्या जातात, पोलीसही तोच विचारतात. कॉल सेंटरच्या संगणकात मात्र तो भरायला रकाना नव्हता, पिनकोड हवा होता. बऱ्याच वेळाने आले ते मोटारींची पुढची चाके उचलणारे छोटे टोइंग वाहन. चालकाने खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारली, मागचा लांब ओव्हरहँग पाहिला, आत गॅसची टाकी आहे का ते विचारले आणि ‘हे आपल्याच्याने उचलणार नाही’ म्हणून निघून गेला. त्यानंतर मोबाइलवर संदेश आला: आपली सेवा पूर्ण झाली आहे. वर्षातल्या ठरलेल्या सेवांपैकी एक तिथेच वजा झाली.

कंपनीचे नाव आम्ही घेत नाही. थोड्याफार फरकाने असे अनुभव वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत आणि आमचा रोख कोणा एकीवर नाही. योजना मोटारीसाठी लिहायची, विकायची मात्र कुणालाही, हा आमचा आक्षेप आहे.

म्हणून आमची पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची मागणी: योजना वाहनाच्या वजनावर, लांबीवर आणि उंचीवर लिहावी. नोंदणी पुस्तकात एकूण वजन छापलेले असते. वाहन पोर्टलवर मोटर कॅरॅव्हॅन हा स्वतंत्र वर्ग आहे, तिच्या बांधणीसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे वाहतूक वाहन चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी शिक्कामोर्तब केले आहे. म्हणजे कायद्याने रेषा किलोत आखली आहे. सहाय्य योजनांची रेषा मात्र ‘प्रायव्हेट कार’ या दोन शब्दांवर अडते. आमची गाडी त्या दोन शब्दांत बसत नसेल तर पैसे घेण्याआधी तसे सांगा, बसत असेल तर प्रमाणपत्रावर चेसिस क्रमांकाशेजारी एकूण वजन लिहून द्या. फोनवर विक्रेता ‘हो सर, सगळं कव्हर होतं’ म्हणतो, त्याला रस्त्यावर काडीचीही किंमत नसते.

दुसरी मागणी कशाने उचलणार याबद्दल आहे. इथे थोडे तांत्रिक लिहितो, कारण हे समजून न घेतल्यामुळेच निम्मे नुकसान होते. ट्रॅव्हलरच्या इंजिनाची ताकद प्रोपेलर शाफ्टमधून मागच्या चाकांना जाते. तिची पुढची चाके उचलून मागची रस्त्यावर फिरत ठेवली, तर इंजिन बंद असताना शाफ्ट गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरवत राहतो आणि आतल्या भागांना नीट तेल मिळत नाही. शाफ्ट न सोडता अशी गाडी पंचवीस-तीस किलोमीटर ओढली तर किरकोळ बिघाडासाठी निघालेली गाडी गॅरेजात गिअरबॉक्सचे काम घेऊन पोहोचते. विंगरची ओढ पुढच्या चाकांवर असल्याने तिची पुढची चाके उचललेली चालतात. दोन्ही गाड्या बाहेरून पाहणाऱ्याला ‘मिनीबस’ आणि दोघींना एकच टोइंग वाहन. त्यात मोटरहोमच्या पोटाखाली सांडपाण्याची टाकी असते, मागे शिडी आणि सायकलचे स्टँड असते, छतावर सोलर पॅनेल. हायड्रा क्रेनचा पट्टा कुठे लावायचा हे माहीत नसलेल्या माणसाने पट्टा लावला की टाकी फुटते. तेव्हा आमची मागणी अशी की मोटरहोमला फ्लॅटबेडच पाठवावी. ती उपलब्ध नसेल तर शाफ्ट सोडू शकणारा मिस्त्री सोबत असल्याशिवाय गाडीला हात लावू नये. टोइंग करताना झालेल्या नुकसानीची जबाबदारी योजना विकणाऱ्या कंपनीने घ्यावी. टोइंगवाला आमचा कंत्राटदार आहे, आम्ही फक्त मध्यस्थ, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. पैसे आम्ही मध्यस्थालाच दिलेले असतात.

मदत ‘पोहोचली’ कधी म्हणायची, हाही याच मागणीचा भाग. ती गाडी उचलू शकणारे वाहन जागेवर आले म्हणजे पोहोचली. सेवा पूर्ण झाल्याची नोंद वाहनधारकाच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीशिवाय होऊ नये.

आता अंतराचा हिशेब. बहुतेक पत्रकांवर अमुक किलोमीटरपर्यंत टोइंग मोफत असे ठळक छापलेले असते. कुठून मोजायचे, हे नसते. बिघाडाच्या जागेपासून गॅरेजपर्यंत की क्रेन निघाली तिथपासून जाऊन-येऊन? रस्त्याने की नकाशावर सरळ रेघ ओढून? समजा ५० किलोमीटर मोफत आहेत आणि गाडी अजिंठ्याला बंद पडली. अजिंठा इथून सुमारे १०० किलोमीटर. म्हणजे मोफत टोइंग सिल्लोड ओलांडून फुलंब्रीच्या अलीकडे कुठेतरी संपते आणि पुढचे मीटर आमच्या खिशातून चालू होते. लोणारहून यायचे तर विचारायलाच नको. ‘जवळचे अधिकृत गॅरेज’ या शब्दांतही अशीच मेख आहे. मोटारींच्या सर्व्हिस सेंटरचा लिफ्ट आमची गाडी पेलत नाही, दारातून तिचे छत आत जात नाही. जवळचे म्हणजे गाडी आत घेऊ शकणारे जवळचे, असे स्पष्ट लिहावे. अंतर बिघाडाच्या जागेपासून रस्त्याने मोजावे. जादा किलोमीटरचा दर योजना विकतानाच कागदावर द्यावा. रात्री एक वाजता रस्त्याकडेला ठरलेला भाव हा भाव नसतो.

अजिंठ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, एका दिवसाचा उशीर इथे फार महागात पडतो. अजिंठा लेणी सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. शनिवारी बंद पडलेली गाडी सोमवारी सकाळी हातात आली तर मुंबईहून आलेल्या कुटुंबाचे अजिंठा गेलेच. मोटारीने आलेला पर्यटक टॅक्सी करून हॉटेलात परत जातो. आमच्या पाहुण्यांचे हॉटेल क्रेनवर चढून गॅरेजला गेलेले असते. म्हणून निवासाचा आणि पुढच्या प्रवासाचा लाभ मोटरहोमच्या योजनेत हौसेचा जोड म्हणून नको, मूळ लाभातच हवा. तो नोंदणीतल्या सर्व आसनांना मिळावा. चार जणांना टॅक्सी आणि पाचव्याने काय, चालत यायचे?

या जागी आमच्या सभासदांसाठीही दोन शब्द, कारण योजना निवडताना आपणही डोळे झाकून सही करतो. योजना साधारण तीन वाटांनी येतात. गाडी बनवणाऱ्या कंपनीची योजना चेसिस, इंजिन आणि गिअरबॉक्सपुरती चांगली, कारण तिच्याकडे सुटे भाग आणि स्कॅनर असतो. बीएस-सहा डिझेल गाडीत युरिया संपला किंवा सेन्सर बिघडला तर गाडी स्वतःची ताकद कमी करते, आणि नेमका कोणता सेन्सर बिघडला ते स्कॅनरशिवाय कळत नाही. पण बॉडी बाहेर बांधून घेतली असेल तर आतल्या वायरिंगपासून फ्रिजपर्यंत कशाशीही आपला संबंध नाही, असे तीच कंपनी सांगते, आणि अल्टरनेटरला जोडलेल्या जादा बॅटरीमुळे बिघाड झाला असे म्हणायला तिला जागा मिळते. विम्यासोबत येणारे ॲड-ऑन स्वस्त पडते. ते पॉलिसीच्या वर्गाला चिकटलेले असते आणि पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेली की संपते. तिसरी वाट स्वतंत्र कंपन्यांची. त्यांची विक्री झपाट्याने होते, अटी मात्र सगळ्यात बारीक असतात: खरेदीनंतर काही दिवस सेवा नाही, घराच्या दारात बंद पडली तर सेवा नाही, वर्षाला ठरावीकच वेळा सेवा. शिवाय इंधन आणून देऊ, इंधनाचे पैसे वेगळे. चाक बदलून देऊ, स्टेपनी तुमची. ही स्टेपनीची अट आपल्यापैकी अनेकांना नडणारी आहे, कारण पाण्याची टाकी बसवताना बॉडीवाल्याने स्टेपनीच काढून घरी ठेवायला लावलेली असते.

आमचा सल्ला असा की चेसिस कंपनीची योजना मुदतीत असेपर्यंत सोडू नये आणि दुसरी योजना फक्त टोइंगचे वजन व अंतर पाहून घ्यावी. टायर, बॅटरी, किल्ली हे लाभ सगळीकडे मिळतात. त्यांच्या यादीला भुलून योजना घेऊ नये.

तक्रार कुठे करायची, याचाही घोळ आहे. विम्याच्या पॉलिसीतले ॲड-ऑन असेल तर विमा कंपनीकडे लेखी तक्रार आणि दाद न मिळाल्यास विमा लोकपाल. स्वतंत्र कंपनीची योजना हा विमा नव्हे, ती सेवा आहे, तिथे ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असले तरी आपण इथेच दाद मागू शकतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. भाड्याने गाडी देणाऱ्यांना कंपन्या ‘तुम्ही व्यावसायिक, तुम्ही ग्राहक नाही’ असे ऐकवतात. एकच गाडी, तीच उपजीविका आणि तीही स्वतः चालवून, अशा स्वयंरोजगार करणाऱ्याला कायद्याने ग्राहकच मानले आहे. हे वाक्य कॉल सेंटरवाल्यांना वाचून दाखवायला हरकत नाही. आमची मागणी एवढीच की प्रत्येक प्रमाणपत्रावर तक्रारीचा मार्ग मराठीत छापावा, आणि अटींची पूर्ण प्रत पैसे भरण्यापूर्वी मराठीत मिळावी.

रस्ते विकास महामंडळाकडे आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याने आमचा धंदा वाढवला, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. महामार्गावर महामंडळाच्या क्रेन आणि शीघ्र प्रतिसाद वाहने आहेत, तीही आम्ही पाहिली आहेत. पण जुन्या रस्त्यावर गाडी बंद पडली की जवळच्या गावातून कोणीतरी मिस्त्री मोटरसायकलवर पान्यांची पिशवी घेऊन यायचा. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणजे तो मिस्त्री गेला, त्याच्या जागी दुसरा कोणी आलेला नाही. खासगी टोइंगवाला यायचा तर इंटरचेंजवरून आत शिरणार, टोल भरणार, पुढच्या इंटरचेंजवरून वळून येणार. काही योजनांच्या अटीत तर असेही असते की नियंत्रित प्रवेशाच्या महामार्गावर गाडी बाहेर काढण्याचा खर्च ग्राहकाचा. थोडक्यात, जिथे मदतीची गरज सर्वांत जास्त तिथेच योजना हात वर करते.

आणि उभी गाडी तिथे नुसती गैरसोय नाही. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वैजापूर हद्दीत समृद्धीवर थांबलेल्या ट्रकला भाविकांची टेम्पो ट्रॅव्हलर मागून धडकली आणि १२ जणांचा जीव गेला. तो ट्रक का थांबला होता हा वेगळा विषय. १२० च्या वेगाला परवानगी असलेल्या रस्त्यावर उभे वाहन दिसून गाडी आवरायला चालकाला किती क्षण मिळतात, एवढेच आम्हाला इथे मांडायचे आहे. जीव गेलेले ते सगळे आमच्यासारख्याच गाडीत बसलेले होते.

तेव्हा महामंडळाने प्रत्येक इंटरचेंजवर क्रेनचा दरफलक लावावा, त्यात साडेसात टनांपर्यंतच्या वाहनाचा दर वेगळा असावा. सहाय्य योजनांच्या मान्यताप्राप्त फ्लॅटबेडना नोंदणी करून प्रवेश द्यावा, बंद पडलेले वाहन आणण्याच्या फेरीला टोल माफ करावा. चॅनेल क्रमांकाचा नकाशा या कंपन्यांना द्यावा आणि तो त्यांच्या कॉल सेंटरमध्ये वापरला जातो याची खातरजमा करावी. ठरावीक अंतरावर मोठ्या गाडीला मुख्य मार्गिकेपासून पूर्ण बाहेर उभे राहता येईल अशी जागा करावी. सध्याच्या कडेच्या पट्ट्यात गाडी मावते, पण तिचे दार उघडून म्हाताऱ्या माणसाला उतरवायला जागा उरत नाही.

राष्ट्रीय महामार्गांवर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे, पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. धुळे-सोलापूर मार्गावर कन्नडच्या औट्रम घाटात अवजड वाहनांना न्यायालयाच्या आदेशाने बंदी आल्यावर आमच्यासारख्या मधल्या गाड्यांनी कोणत्या वाटेने जायचे आणि घाटात बंद पडल्यास क्रेन कोणत्या बाजूने येणार, हे परिवहन कार्यालयाने एका पानावर लिहून द्यावे. एवढीच त्यांच्याकडे मागणी.

पर्यटन विभागाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. महाराष्ट्राने पुढाकार घेतला याचा आम्हाला अभिमान आहे. पण सगळा भर कॅरॅव्हॅन पार्कवर राहिला. गाडी पार्कमध्ये क्वचितच बंद पडते. ती बंद पडते दोन पार्कांच्या मध्ये. फर्दापूर, वेरूळ, लोणार आणि पैठण इथे पर्यटन महामंडळाच्या किंवा मान्यताप्राप्त जागेत, बिघडलेल्या मोटरहोमला गॅरेजची वेळ मिळेपर्यंत वीज आणि पाण्यासह एक रात्र उभे राहू द्यावे, आगाऊ आरक्षण नसले तरी. पाहुणे आपापल्याच अंथरुणात झोपतील आणि सकाळी आमच्यावर ओरडणार नाहीत. हा खर्च विभागाला जवळपास शून्य आहे.

या सगळ्यांत एक मागणी अशी आहे की ती मान्य झाली तर बाकीच्यांवर आम्ही वाट पाहायला तयार आहोत. कंपनीने लेखी दिलेल्या वेळेत योग्य वाहन जागेवर आले नाही, तर वाहनधारकाने स्थानिक क्रेन बोलवावी आणि दरफलकाप्रमाणे झालेले बिल कंपनीने पूर्वपरवानगी न मागता चुकते करावे. जालना रोडला, बीड बायपासला, शेंद्र्याला आणि वाळूजला मोठ्या गाड्या हाताळणारे मिस्त्री आणि हायड्रावाले आहेत. कारखान्यांचे हे शहर आहे, इथे माणसांची वाण नाही. कंपनीच्या यादीत ते नाहीत म्हणून ते आम्हाला ‘मिळत नाहीत’. गारखेड्यात नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहायची सवय आम्हाला लागलेली आहे, पण ती घरात बसून. महामार्गाच्या कडेला चाळीस अंशात ती लागणार नाही.

आमच्या बाजूने आम्हीही काही गोष्टी बांधून घेतो. प्रत्येक सभासद पाण्याची टाकी भरून आणि सामान ठेवून गाडी काट्यावर नेईल आणि वजनाची पावती गाडीत ठेवील. नोंदणीतले वजन ओलांडले असेल तर आधी सामान कमी करील, मग तक्रार. पुढच्या काचेच्या आत एक पान चिकटवलेले असेल: लांबी, उंची, ओढ कोणत्या चाकांवर, टोइंगचा हुक कुठे, गॅसचा कॉक कुठे, मुख्य बॅटरी तोडायचा स्विच कुठे. परावर्तक त्रिकोण दोन असतील आणि ते पलंगाखालच्या खणात न ठेवता दाराजवळ असतील. स्टेपनी गाडीवरच असेल, मग बॉडीवाला काहीही म्हणो.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत मुद्देनिहाय लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास सभासदांकडची प्रमाणपत्रे, संदेश आणि बिले एकत्र करून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. विमा कंपन्यांशी संबंधित प्रकरणे लोकपालांकडे वेगळी पाठवू. चर्चेला बोलावल्यास आमचे प्रतिनिधी एक मोटरहोम घेऊन येतील. कंपन्यांनी आपले टोइंग वाहन आणावे आणि ती तिथेच उचलून दाखवावी.

आपले,
गारखेडा परिसरातील मोटरहोम व पर्यटक वाहनधारक
छत्रपती संभाजीनगर